पहिलटकरीण

हेर्लेकरबाई माझ्या पलंगावर चढून भिंतीत खिळा ठोकत होत्या. पलंगावर मी झोपलेली होते, त्यामुळे त्यांची जरा अडचण होत होती.

"वैजयंती, पाय घे गं थोडे," त्या म्हणाल्या. "हं. आता बघ, तिरकं दिसतंय का?"

भिंतीवर एक गुटगुटीत बाळ टांगलं गेलं होतं. सोनेरी जावळ, निळे डोळे, गालाला खळी. हेर्लेकरबाई आमच्या कॉलनीच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. सांगलीच्या बाजारात फिरून त्यांनी हे चित्र खास माझ्यासाठी आणलं होतं.

"रोज उठल्याउठल्या याच्याकडे बघायचं. जे बघशील तसंच होतं."

"मी उठल्याउठल्या शेखरकडे बघते," मी म्हणाले. "त्याच्यासारखं झालं तर चालणार नाही का?"

हेर्लेकरबाईंनी दारात हातोडी घ्यायला उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याला नखशिखांत न्याहाळलं. "सवय बदल," त्या म्हणाल्या.

माझ्या सासूबाई शेखरच्या मागून डोकावत होत्या. त्यांना वेगळीच काळजी लागली होती. "पण अहो, निळे डोळे आमच्याकडे कुणाचे नाहीत. हिच्या माहेरीही नाहीत. खरंच तसे झाले तर लोक काय म्हणतील?"

मला पाचवा महिना होता, आणि सगळी कॉलनी मला आधार द्यायला निघाली होती.

आधार द्यायचं कारण कुणी बोलून दाखवत नव्हतं. आदल्या वर्षी आमच्या घरात जे झालं त्याला घरात 'ते' म्हणत. 'ते' व्हायच्या आधी टीव्ही घेतला, 'ते' झाल्यावर शेगडी बदलली. आठवा लागला होता, आणि बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. एवढं मला सांगितलं. त्यापुढचं विचारायला मी तोंड उघडलं की समोरचं माणूस चहा टाकायला उठायचं. त्या वर्षात आमच्याकडे चहा फार झाला.

पुन्हा दिवस राहिले तसं मिरजेहून कुमुदआत्या बॅग घेऊन आल्या. या शेखरच्या आत्या. माझे सासरे वारल्यापासून आमच्या घरातले सगळे मोठे निर्णय मिरजेत व्हायचे. या वेळी निर्णय स्वतःच राहायला आला.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी आम्हाला समोर बसवलं. "झालं ते झालंच नाही असं धरायचं. पाटी पुसली. हे पहिलं."

"पण वन्सं..." आई म्हणाल्या. सासूबाईंना मी आईच म्हणायची.

"वहिनी, हे पहिलं. कुणी विचारलं तरी पहिलं. रडायचं नाही, मागचं काढायचं नाही, तोंड पाडून बसायचं नाही. पोटातलं सगळं ऐकत असतं."

"मग त्याला खोटं बोललेलंही ऐकू जाईल," मी म्हणाले.

"शेखर," आत्या म्हणाल्या, "बायकोला काहीतरी विनोदी वाचायला आणून दे."

शेखर आज्ञाधारक. त्यानं दुसऱ्याच दिवशी चुटक्यांचं पुस्तक आणलं, आणि रोज जेवण झाल्यावर तो मला त्यातला एक चुटका वाचून दाखवू लागला. तो वीज मंडळात होता. वीजपुरवठा खंडित राहणार असल्याची सूचना वाचावी तशा आवाजात तो चुटके वाचायचा. वाचून झालं की पुस्तकातून डोळे वर करून मी हसते का ते बघायचा. त्याचा चेहरा बघून मला रडू यायचं, म्हणून मी आधीच हसून घ्यायची. एकदा मी चुटका संपायच्या आधीच हसले, तर तो म्हणाला, "थांब, अजून यायचंय."

कॉलनीतल्या बायकांनी आत्यांचं धोरण मनापासून उचललं. आदल्या वर्षी ज्या माझ्याजवळ मान खाली घालून बसून गेल्या होत्या, त्याच आता हसतमुखानं विचारायच्या, "पहिलंच ना गं? घाबरू नकोस, पहिल्या वेळी असंच वाटतं." एकीनं मंत्रांची कॅसेट आणून दिली. एकीनं हिरव्या रंगाचे पडदे लावायला सांगितले. समोरच्या घरातल्या बाईंनी तर, मला वाईट वाटू नये म्हणून, आपल्या नातवाला आमच्या अंगणात खेळायला यायचं बंद करून टाकलं. तो आला की माझा वेळ बरा जायचा, हे त्यांना कोण सांगणार?

दवाखानाही बदलला. जुन्या दवाखान्याची पायरी दक्षिणेकडे होती, असं आत्यांच्या लक्षात आलं. नव्या डॉक्टर मुजावरबाई. साडीखाली कॅनव्हासचे बूट घालायच्या, आणि कमी बोलायच्या.

"पहिलीच खेप?" त्यांनी विचारलं.

"पहिलीच," आत्या म्हणाल्या.

मी तोंड उघडलं. आत्यांनी माझा हात दाबला. "लाजते हो ती."

डॉक्टरांनी मला तपासलं. हात धुता धुता पुन्हा माझ्याकडे बघून विचारलं, "नक्की पहिलीच?"

या वेळी आई म्हणाल्या, "हो. पहिलीच." आणि कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडे बघत बसल्या.

तू का बोलली नाहीस, असं मला आजही कुणी कुणी विचारतं. त्यांनी एकदा दोन सासवांच्या मधे दवाखान्यातल्या त्या लोखंडी स्टुलावर बसून बघावं.

बाकी माझं रोजचं काम एकच होतं. पोटावर हात ठेवायचा आणि बाळ हलतंय ना ते बघायचं. हे मात्र चोरून करावं लागे. "सारखं चाचपू नये, दृष्ट लागते," असं आत्यांचं म्हणणं. मग मी भाजी निवडायला बसायची. परात मांडीवर घेतली की पोटाला टेकायची. आतून लाथ बसली की परातीतली मेथी हलायची. तेवढं दिसलं की मला जेवण जायचं.

आठव्यात मंडळानं माझं डोहाळजेवण करायचं ठरवलं. मी नको म्हणत होते. हेर्लेकरबाई म्हणाल्या, "तुझ्यासाठी नाही गं, आमच्यासाठी. आम्हाला तुझं इतकं वाटतं!" हे मात्र खरं होतं.

मंडळाच्या हॉलमध्ये फुलांनी मढवलेला झोपाळा बांधला होता. मागे पडद्यावर थर्माकोलची अक्षरं: 'पहिल्या पावलाचे स्वागत'. मला हिरवी साडी, फुलांचा मुकुट, फुलांचे बाजूबंद, फुलांचा कंबरपट्टा. हातात सोनेरी कागद लावलेलं धनुष्य आणि बाण. फोटोग्राफर सांगत होता, "वहिनी, बाण जरा वर. नेम धरल्यासारखं करा. आणि हसा."

मी नेम धरला आणि हसले. आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आलं, की आज परात हललीच नव्हती. सकाळपासून न्हाणं, वेणी, साडी, बायकांची ये-जा, या गडबडीत मी परात घेतलीच नव्हती. मी धनुष्य मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हात पोटावर दाबले. थांबले. एक गाणं सुरू होऊन संपलं. काही नाही.

"आत्या," मी हळूच म्हणाले, "बाळ हलत नाहीये."

"झोपलं असेल. धनुष्य धर."

"सकाळपासून नाही हललं."

"शुभकार्यात असं बोलू नये," आत्या हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाल्या. समोर कॅमेरा होता.

पण हेर्लेकरबाईंनी ऐकलं होतं, आणि त्यांनी ऐकलं म्हणजे मंडळानं ऐकलं. लगेच आधार सुरू झाला.

"थंडगार दूध द्या गं कुणीतरी हिला!"

"साखरपाणी द्या. आमच्या सुनेचं त्यानं लगेच हललं होतं."

"मुलगा असणार. मुलगे आळशीच असतात."

"मनात काहीबाही आणतेस म्हणून. चांगलं चिंतावं."

"पहिल्या वेळी कळतच नाही गं, काय हललं नि काय नाही!"

मला दूध पाजलं. मी प्याले. सगळ्या जणी माझ्या पोटाकडे बघत उभ्या राहिल्या, जादूगाराच्या पेटीकडे बघावं तशा. काही झालं नाही. मग कुणीतरी म्हणालं, ओटी भरून घेऊ, तोवर हलेल. कुणीतरी पुढचं गाणं सुरू केलं.

मी झोपाळ्याची दोरी धरून उभी राहिले.

"मागच्या वेळीही असंच झालं होतं," मी म्हणाले.

मी ओरडले नव्हते. पण गाणं थांबलं. टाळ्या थांबल्या. थर्माकोलच्या अक्षरांखाली सगळी कॉलनी नवे गजरे घालून गप्प उभी राहिली.

आत्या पाहुण्यांकडे बघून हसल्या. "घाबरलीये पोर. कसली मागची वेळ? काय बोलतेय बघा!"

ओटीचं ताट आईंच्या हातात होतं. खण, नारळ, तांदूळ. त्यांनी ते कुठे ठेवावं म्हणून इकडेतिकडे बघितलं, आणि मग सरळ फोटोग्राफरच्या हातात दिलं.

"मागच्या वर्षीची," आई म्हणाल्या. "वैजू, चल."

"वहिनी! अर्धवट ओटी सोडून उठवताय? अपशकुन आहे हा."

"असू दे," आई म्हणाल्या. "चल गं."

शेखर बाहेर आइस्क्रीमच्या डब्यावर बसला होता. डोहाळजेवणात पुरुषांना एवढंच काम असतं. आईंनी त्याला नुसतं "रिक्षा" म्हटलं, आणि तो धावला. आम्ही मागे बसलो, तो रिक्षावाल्याशेजारी अर्धा बाहेर. गडबडीत धनुष्य माझ्या हातातच राहिलं होतं. रिक्षावाल्यानं आरशातून मुकुट बघितला, धनुष्य बघितलं, आणि अदबीनं विचारलं, "शूटिंग कुठं चाललंय?"

 शेखरला शांतता सोसवेना. तो मागे वळला आणि वीजमंडळाच्या आवाजात म्हणाला, "एकदा एका मास्तरांनी बंड्याला विचारलं..."

"शेखर," आई म्हणाल्या, "गप बस बाळा."

दवाखान्यात मला टेबलावर झोपवलं. मुजावरबाईंनी फुलांचा कंबरपट्टा सोडवून बाजूला ठेवला आणि पोटावर ठोके ऐकायच्या यंत्राचे पट्टे बांधले. आधी नुसती खरखर. त्या यंत्राचं बटणासारखं टोक पोटावर सरकवत राहिल्या. मी छताकडे बघत होते. आईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की फुलांची पाकळीन् पाकळी चुरगळून गेली.

मग कुणीतरी शिवणयंत्र भरधाव सोडावं तसा आवाज आला.

"हे ठोके," डॉक्टर म्हणाल्या. "चांगले आहेत."

शेखर भिंतीला टेकून खाली बसला.  आई मात्र तशाच ताठ उभ्या होत्या.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "हे पहिलं नाही. दुसरं आहे. पहिली मुलगी होती. आठव्यातच गेली. तेव्हाही असंच हलायचं थांबलं होतं."

मुजावरबाईंनी हातातलं काम थांबवलं. "आणि हे मला आज सांगताय?"

"हो."

"मला संशय आला होता. दोनदा विचारलं मी. दोघी एका सुरात पहिलं म्हणालात." त्यांचा आवाज चढला. "हे कळलं असतं तर मी हिला वेगळ्या पद्धतीनं तपासलं असतं, लवकर लवकर बोलावलं असतं. तुम्ही हे कुणापासून लपवत होतात? माझ्यापासून?"

"नाही," आई म्हणाल्या. "माझं मलाच माहीत नाही, कुणापासून."

 डॉक्टर खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या आणि मागच्या वेळचं एकेक विचारू लागल्या. केव्हा कळलं, कुठे होते, कोण होतं, नंतर दूध आलं होतं का. दूध आलं होतं. ते मला कुणीही विचारलं नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, "बाळाभोवतीचं पाणी थोडं कमी वाटतंय. चारपाच दिवस इथेच राहायचं. आणि यापुढे हलणं कमी वाटलं की थेट यायचं. दूध पिऊन, साखरपाणी पिऊन वाट बघत बसायचं नाही. मध्यरात्रीही यायचं, दहा वेळा खोटं निघालं तरी यायचं. मी चिडणार नाही."

त्या गेल्या. यंत्र चालू होतं, शिवण चालली होती. मी विचारलं, "आई, तुम्ही तिला बघितलं होतंत?"

आईंनी आजूबाजूला बघितलं. चहा टाकायला तिथे शेगडी नव्हती.

"केस होते तिला," त्या म्हणाल्या. "काळेभोर. डोक्याला चिकटलेले. मी पुसले तर कुरळे निघाले. तुझ्यासारखे."

मी माझ्या केसांना हात लावला.

"नर्सनं विचारलं होतं, आईला दाखवू का? तू गुंगीत होतीस. मीच नको म्हटलं. म्हटलं, बघितलं की जीव गुंतेल. वन्सं नव्हत्या तेव्हा. मीच म्हटलं." आईंनी पदर तोंडाशी नेला आणि पुन्हा खाली घेतला. "मग न्यायच्या आधी आंघोळ घालायला मी पाणी मागितलं. तिथल्या बाईनं नळाचं आणलं. म्हटलं, कोमट आण. ती म्हणाली, आता कशाला कोमट? मी म्हटलं, अगं, गार पाण्यानं कशी न्हाऊ घालू पोरीला?"

"मग आणलं?"

"आणलं. चांगली न्हाऊ घातली. कुंची घातली. तू विणलेली पिवळी."

ती कुंची मी वर्षभर घरात शोधत होते. कुणीतरी टाकून दिली असणार असं धरून बसले होते.

कोपऱ्यातून शेखरचा आवाज आला. "आई, हात कसे होते तिचे?"

आम्ही दोघींनी वळून बघितलं.

"मी गेलो नव्हतो बघायला," तो म्हणाला. "काका तिला घेऊन गेले तेव्हा मी दवाखान्याच्या फाटकाबाहेर स्कूटरजवळ उभा होतो."

"छोटे होते रे," आई म्हणाल्या. "पण पायाचे अंगठे बघितले तर अगदी तुझे. लांबच्या लांब." आणि त्यांना हसू आलं, आणि त्या हसण्यातच त्या रडायला लागल्या. मग मी. मग शेखर, हमसून हमसून. चुटक्यांच्या पुस्तकाला जे कधी जमलं नव्हतं ते झालं. आमच्या तिघांच्या तोंडून एकाच वेळी आवाज निघत होता.

त्याच वेळी दारावर टकटक झाली. बाहेर कुमुदआत्या, हेर्लेकरबाई आणि मंडळाच्या तीनचार जणी, गजऱ्यांसकट. मागे फोटोग्राफर, ओटीचं ताट धरून. त्याच्याकडून ते परत घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं.

आईंनी दार अर्धवट उघडलं. "आत्ता नको," त्या म्हणाल्या. "आम्ही रडतोय."

"अगं बाई!" हेर्लेकरबाईंनी कपाळाला हात लावला. "ठोके...?"

"उत्तम आहेत."

"मग रडता कशाला?"

"मागच्या वर्षीचं राहिलंय," आई म्हणाल्या. "झालं की बोलावते." आणि त्यांनी दार लावलं.

दाराबाहेर बराच वेळ बांगड्यांची कुजबुज चालली होती. मग मंडळ परतलं. हॉल संध्याकाळपर्यंत घेतलेला होता आणि झोपाळा वाया गेला असता, म्हणून साठी उलटलेल्या हेर्लेकरबाईंनी स्वतः त्यात बसून फोटो काढून घेतला, असं मला नंतर कळलं. आत्या मात्र गेल्या नाहीत. त्या संध्याकाळपर्यंत बाहेरच्या बाकावर एकट्या बसून होत्या. आई मधेच उठून त्यांना पाणी देऊन आल्या. दोघी काय बोलल्या मला माहीत नाही. आत आल्यावर आई एवढंच म्हणाल्या, "त्यांचंही बरंच राहिलंय."

त्यानंतरचे आठवडे सोपे गेले असं नाही. मी दोनदा भलत्याच वेळी दवाखान्यात धावले, दोन्ही वेळा बाळ व्यवस्थित निघालं, आणि मुजावरबाई खरंच चिडल्या नाहीत. शेखरनं चुटके थांबवले. जेवण झालं की तो माझ्याजवळ नुसता बसायचा, आणि मधेच कधीतरी विचारायचा, "घाबरतेस?" मी हो म्हणायची. तो म्हणायचा, "मीपण." एवढ्यावर आम्हाला बरी झोप लागायची.

नवव्यात दिवस भरायच्या थोडं आधीच डॉक्टरांनी कळा आणायचं ठरवलं. मुलगा झाला. झाल्याबरोबर असा काही ओरडला की मुजावरबाई म्हणाल्या, "बास रे, कळलं."

त्या दवाखान्याची रीत अशी होती की आईचे टाके घालून होईपर्यंत बाळ पुसून, गुंडाळून बाहेर नातेवाइकांना दाखवायला न्यायचं. नर्स त्याला घेऊन दारापाशी गेली. दार ढकलताच बाहेरचा गलका आत आला. सगळे आले होते. आत्या मधाचं बोट घेऊन सर्वांत पुढे, त्यांच्यामागे हेर्लेकरबाई, आणि मग मानाप्रमाणे बाकीच्या.

"आणा, आणा इकडे," आत्यांचा आवाज आला. "मुलगा ना? आधी मला बघू दे."

"सिस्टर," आई म्हणाल्या. मला त्या दिसत नव्हत्या, नुसता आवाज येत होता. "मागे फिरा. आधी तिला दाखवा."

"अहो आजी, टाके चाललेत त्यांचे..."

"चालू देत. हात मोकळे आहेत ना तिचे? आधी तिच्याकडे द्या."

"वहिनी, मी इथे केव्हाची उभी आहे!" आत्या म्हणाल्या.

"मीही उभीच आहे, वन्सं," आई म्हणाल्या. "तिचं पोटभर बघून होऊ दे. मग आपण."

नर्स मागे फिरली. तिनं त्याला माझ्या छातीवर ठेवलं आणि दुपट्याचं टोक बाजूला सारलं. बाहेर एकदम सगळं शांत झालं. मी बघत राहिले. आधी केस, मग हात, मग पाय, एकेक बोट. बराच वेळ. कुणी दार वाजवलं नाही.